एकशे तेरावा फोटो

सांडू खरातच्या लग्नाच्या अल्बममध्ये एकशे बारा फोटो आहेत आणि त्यातल्या एकाही फोटोत सांडू नाही. लग्न त्याचंच होतं, त्याबद्दल शंका नको. फोटो काढायला त्यानं मित्राला, इंद्रजीतला, सांगितलं होतं. पण इंद्रजीतनं कॅमेऱ्याला डोळा लावला मात्र, नवरदेवाचं पित्त खवळलं. "आरं, उजेडाकडं पाठ कर की!" असं ओरडत तो स्टेजवरून उतरला, कॅमेरा हिसकावून घेतला आणि नंतर वर चढला तो फक्त विधीपुरता. बौद्धाचार्यांनी वंदना थांबवून तीनदा सांगितलं, "नवरदेव, जागेवर बसा." तिसऱ्या वेळी सांडूनं त्यांनाच हनुवटी जरा खाली घ्यायला सांगितली.

त्यामुळे पानोपानी पांढऱ्या साडीतली रत्नमाला आणि शेजारी रिकामी खुर्ची. एका फोटोत तर ती हार घेऊन दोन्ही हात पुढं करून उभी आहे आणि समोर गळाच नाही.

याला आता अठ्ठावीस वर्षं झाली. लष्कराच्या छावणी भागात, घराच्या पुढच्या खोलीत रत्नमाला शाळेचे गणवेश शिवते. पाहुणा आला की चहाच्या आधी अल्बम बाहेर येतो. रिकाम्या खुर्चीवर बोट ठेवून ती ओळख करून देते, "हे आमचे मालक. लई शांत स्वभाव." पाहुणे पोट धरून हसतात. सांडूही हसतो. पण पाहुणे गेल्यावर ती अल्बम पदरानं पुसून कपाटात ठेवते, तेव्हा तिच्या तोंडावर हसू नसतं. सांडूला ते दरवेळी दिसायचं आणि दरवेळी आत काहीतरी टोचायचं. दोघांचा एक फोटो तिला हवा होता, बाकी तिनं त्याच्याकडं काही मागितलं नव्हतं.

मोबाइलवर काढा की, असं कुणी म्हणालं तर ती म्हणायची, "हात लांब करून काढलेल्यात ह्यांचं नाकच तेवढं येतं. मला दुसऱ्याच्या हातानं, शेजारी बसून काढलेला पायजे." आणि दुसऱ्याच्या हातात कॅमेरा दिसला की सांडूच्या बुडाखाली जणू निखारा यायचा.

घराजवळच त्याचा स्टुडिओ आहे. पासपोर्टचे फोटो. दिवसभर "हसू नका, कान दिसू द्या" एवढंच बोलायचं काम. त्याच्याकडं चार डोळ्यांचा, म्हणजे चार भिंगांचा, जुना कॅमेरा आहे. एकदा खटका दाबला की एकाच कागदावर चार चेहरे यायचे. कागद ओढून काढायचा, दीड मिनिट थांबायचं, वरचं पान सोलायचं की फोटो तयार. मग कॉम्प्युटर आला आणि तो कागद बनायचाच बंद झाला. उरलेली खोकी सांडूनं घरच्या फ्रिजमध्ये मेथीच्या जुडीशेजारी जपून ठेवली.

एकदा छावणीतल्या एका हवालदाराचा ताजा फोटो उकळत्या चहाच्या पातेल्यात पडला. सांडू चमच्यानं काढायला गेला, तर कागद एकीकडं आणि हवालदार दुसरीकडं. फोटोची कातडी सुटून सायीसारखी वर तरंगत होती आणि मिशा ताणून कानांपर्यंत गेल्या होत्या. हवालदार तणतणत निघून गेला. सांडू मात्र दुपारभर पातेल्यात बघत बसला. इतकी वर्षं माणसांना सरळ बसवण्यात गेली होती, आणि इथं एक माणूस स्वतःहून वाकडा होऊन मजेत पोहत होता.

मग त्याला नादच लागला. मुदत उलटलेल्या कागदावर माणसं हिरवी, जांभळी यायची. तो त्यांना गरम पाण्यात सोडायचा, सुईनं ओरखडायचा, कातडी सोडवून मिळेल त्यावर चिकटवायचा. घरातल्या बशीवर बँकेचा शिपाई आला. वरणाच्या वाटीत निवृत्त मुख्याध्यापक आले. "वरण वाढायच्या आधी मला गुरुजींना विचारावं लागतं," रत्नमाला शेजारणींना सांगायची.

जेवणाबरोबर स्टुडिओत आलेली ती वाटी एक दिवस करुणा मॅडमच्या नजरेस पडली. त्या चित्रकलेच्या कॉलेजात शिकवायच्या आणि व्हिसाच्या फोटोसाठी आल्या होत्या. वाटी उलटसुलट करत त्या म्हणाल्या, "सांडूकाका, हे प्रदर्शनात मांडतात हो लोक! आमच्या प्रदर्शनाला एक चित्र द्या."

सांडूला वाटलं, बाई थट्टा करतायत. थट्टा नाही हे कळल्यावर त्यानं घरी जाऊन फ्रिज उघडला. शेवटच्या खोक्यात एकच कागद उरला होता. मेथी बाजूला सारून तो बराच वेळ त्याच्याकडं बघत राहिला आणि मग पुढच्या खोलीत येऊन म्हणाला, "रत्ना, लग्नातली साडी काढ."

साडी जरा पिवळी पडली होती, पण रत्नमालेला शोभत होती. स्टुडिओत दोन स्टुलं शेजारी मांडली. करुणा मॅडम कॅमेऱ्यामागं उभ्या राहिल्या.

"आज उठायचं नाय," रत्नमालेनं बजावलं.

"नाय उठत."

"एक... दोन..." मॅडमनी मोजायला सुरुवात केली.

"मॅडम, बोट! डोळ्यावर बोट येतंय तुमचं!" सांडू ताडकन उठून धावला, आणि त्याच क्षणी खटका दाबला गेला.

सांडूनं कागद ओढून काढला आणि दीड मिनिट मोजलं. मॅडमनी पान सोललं. चार रत्नमाला, चार रिकामी स्टुलं. चौघीही मान वळवून, उठून गेलेल्या नवऱ्याकडं बघत होत्या. बोट कुठंही आडवं आलेलं नव्हतं.

रत्नमालेनं या वेळी टोमणा मारला नाही. पदर सावरून ती घरी निघून गेली. सांडू स्टुलावर बसून राहिला. आता बसून काय उपयोग, हे त्यालाही कळत होतं. त्याला रडू येत होतं आणि मॅडमसमोर रडायची लाज वाटत होती.

दहा मिनिटांनी रत्नमाला परत आली. एका हातात शिवणाची कात्री, दुसऱ्या हातात बटणांचा डबा. डब्याच्या तळातून तिनं आगपेटीएवढा फोटो काढला. त्याच कॅमेऱ्यातला, खटक्याला दोरी बांधून त्यानं स्वतःच काढलेला चोवीस वर्षांचा सांडू, तेल लावून चापून बसवलेले केस.

"सोयरिकीच्या वेळी तुमच्या आत्यानं पाठवला व्हता. ह्यो बघून मी व्हय म्हणलं." तिनं फोटो पुढं केला. "उकळा ह्याला."

"येडी का काय? फाटला तर? एकच हाय त्यो!"

"जिता माणूस बसत नाय. ह्याला तरी बसवा."

तिनं स्वतःच कात्रीनं त्याला कडेनं कापला. "कान सांभाळ, कान," सांडू कळवळला. पाणी गरम झालं. बऱ्याच वेळानं तरुण सांडूची कातडी सुटली, परातीत तरंगली आणि लगेच गुंडाळायला लागली. नाक कानापाशी गेलं. सांडूनं डोळेच मिटून घेतले. रत्नमालेनं मघाचा चौघींचा फोटो पाण्याखाली धरला, तरंगत्या सांडूला ओल्या बोटानं हलकेच उलगडला, चौथ्या चौकोनातल्या स्टुलापर्यंत ढकलत नेला आणि फोटो वर उचलून घेतला. मग त्याच्या कपाळावर बोट दाबून धरलं.

"आता हलायचं नाय," ती म्हणाली.

"डोकं लई मोठं दिसतंय," सांडू कसाबसा बोलला.

"आधीपासूनच हाय ते."

प्रदर्शनात त्या चित्रापुढं गर्दी होती. तीन स्टुलं रिकामी, चौथ्यावर मोठ्या डोक्याचा पोरगा आणि त्याच्या कपाळावर कुणाच्या तरी बोटाचा ठसा. हा ठसा कुठल्या तंत्रानं आणलाय, असं एका गृहस्थांनी विचारलं. दुसऱ्या बाईंनी विचारलं, "हा तुमचा मुलगा का?"

"हे आमचे मालक," रत्नमाला म्हणाली. "लई शांत स्वभाव."

"दोघं चित्राशेजारी उभे राहा बरं," म्हणत करुणा मॅडमनी मोबाइल वर धरला. खिडकी नेमकी दोघांच्या पाठीमागं होती. उजेड सगळा समोरून मॅडमच्या तोंडावर येत होता. सांडूचा एक पाय उचलला गेला, तोंड उघडलं. रत्नमालेनं त्याच्या मनगटावर बोट दाबलं.

त्यानं पाय खाली ठेवला.

फोटो अंधारा आणि तिरका आला. सांडूचा एक कान दिसत नाही आणि तो हसतो आहे. अल्बमच्या शेवटच्या पानावर तोच लावलाय.