बसून अभ्यास

पुण्याची एसटी लागली तेव्हा बाबांनी माझी ट्रंक आत चढवली. आई खिडकीखाली उभी राहून एवढंच म्हणाली, "तिकडे नुसती बसून अभ्यास कर गो. राबायला आम्ही आहोत." दोघंही दिवसभर आंब्याच्या बागेत पायांवर उभी. मुलीला बसायला मिळावं, यासाठीच त्यांची सगळी धडपड.

फार्मसीच्या पहिल्या वर्षी मी ते वाक्य तंतोतंत पाळलं. मेस, लेक्चर, खुर्ची. मान आखडली, झोप उडाली, तशी मी आणखी बसू लागले. इंग्रजी माध्यमाच्या शाळेत शिकूनही पहिल्या तोंडी परीक्षेत एक शब्द फुटला नाही. सगळं पाठ होतं. त्या संध्याकाळी एसटीडी बूथवरून 'परत येते' असं घरी कळवायचं मी ठरवलं आणि बॅग भरायला घेतली.

माझी रूममेट साताऱ्याची, खो-खो खेळणारी. माझा बेत ऐकून दारातूनच म्हणाली, "दिवसभर अंडी उबवतीस व्हय गं? चल ग्राउंडवर. फोन उद्या कर."

ओढणी कमरेला बांधून मी चपलांवरच धावले. कट्ट्यावरची मुलं हसली. अर्ध्या फेरीतच दम लागला, पण त्या रात्री झोप लागली. दुसऱ्या दिवशी फोन केला नाही, बूट घेतले. मग रोज सकाळी, कट्टा भरायच्या आत. मार्क लगेच वाढले नाहीत. परीक्षेआधी धडधड व्हायचीच, पण ती आता ओळखीची झाली होती. धावतानाही तशीच होते आणि नंतर निवते. पुढच्या तोंडी परीक्षेत मी हळू आवाजात का होईना, शेवटपर्यंत बोलले.

धावण्याचं घरी सांगायला मात्र वर्ष गेलं. त्यांनी मिळवून दिलेलं बसणं मी नाकारतेय, असं त्यांना वाटलं असतं. शेवटी फोनवर सांगितलं, तर आई म्हणाली, "पोटभर जेवतेस ना मग?"

आता नोकरीही पुण्यातच आहे. माझ्यासारख्या शिकायला घरातून निघालेल्या मुलींना मी सांगते, खुर्चीतून उठलात म्हणून आईवडिलांचे कष्ट वाया जात नाहीत.

सुट्टीत आईला आमच्याकडच्या भाट्याच्या समुद्रकिनाऱ्यावर नेते. काम नसताना बाईने चालायचं याची तिला लाज वाटते, म्हणून शेजाऱ्यांनी विचारलं की मुलीला सोबत म्हणून जाते म्हणते. ओल्या वाळूवर पोचली की मात्र माझ्यासाठी थांबत नाही. मागून तिची झपझप चाल बघताना वाटतं, मी घरी आले.