वाघोलीच्या काळ्या डुकरिणी

प्रयोगशाळेत मी तेव्हा नवीन होते. काळी गावठी डुकरं आणि फार्मवरची पांढरी विलायती डुकरं यांचं नातं किती जवळचं, हे जनुकांवरून तपासायचं काम चाललं होतं. नमुने गोळा करणं माझ्याकडे आलं. कोथरूडला घरी सांगितलं, तेव्हा आई एवढंच म्हणाली, "आपल्या फ्रीजमध्ये नाही ना ठेवणार? विचारलेलं बरं."

वाघोलीत नव्या इमारतींच्या मागे साठीच्या एक बाई काळी डुकरं पाळत होत्या. हॉटेलांतलं खरकटं आणून, उकळून घालायच्या. मी त्यांना मावशी म्हणू लागले. नमुन्यासाठी पाठीवरचे राठ केस मुळासकट उपटायचे होते. मावशी डुकरिणीला गुडघ्यांत धरून कानामागे खाजवायच्या, मी केस ओढायचे. पहिल्याच डुकरिणीने मला चिखलात बसवलं.

"ताई, हिच्या मागनं जाऊ नका. हिची आय बी अशीच व्हती," मावशी म्हणाल्या. मग त्यांनी प्रत्येकीची आई आणि आईची आईही सांगितली. ते सगळं मी वहीत उतरवलं.

निकाल आले. मावशींची डुकरं पांढऱ्यांपासून अगदी वेगळी निघाली. आमचे सर खूश झाले. पण त्यातच दुसरं काहीतरी होतं. ती आपसात फार जवळची होती, जवळजवळ सगळी सख्खी भावंडं असावीत इतकी. हे मावशींना सांगायला हवं, असं मला वाटलं.

"परत आलात?" त्यांना नवल वाटलं. "नमुनं न्हेणारं कुणी परत येत न्हाई."

जवळच्या नात्यातच पिल्लं होत राहिली की कळप खचत जातो, हे मी जमेल तसं समजावलं.

"ठाव हाय मला. आदी एका वेताला धा पिल्लं व्हायची. आता चार, त्यातलं एखादं लुळं."

"मग बाहेरचा नर का नाही आणलात?"

त्यांनी इमारतींकडे हात केला. "तितं नणंदेची डुकरं व्हती. पल्याड दिराची. समदं उठलं. नर आणू कुठनं? फार्मवाला त्याचा पांढरा देतो म्हनतोय."

"पांढरा नको, मावशी! हा वाण संपेल."

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. "वाण तुमाला ऱ्हायला हवाय. घर माझं चालायचं हाय."

परतताना बसमध्ये एक गोष्ट आठवली. शहराच्या दुसऱ्या टोकाला एका म्हाताऱ्या गृहस्थांच्या काळ्या डुकरांचेही नमुने आम्ही घेतले होते, आणि ती मावशींच्या डुकरांपासून बरीच लांबची होती. सरांना विचारलं. ते म्हणाले, "आपलं काम नमुन्यांपुरतं." तरी मी त्या गृहस्थांना फोन केला. त्यांचीही तीच अडचण होती.

पशुवैद्याकडून दोन्ही नर तपासून घेतले आणि एका रविवारी टेम्पोतून अदलाबदल झाली. मावशींनी नव्या नराचे पाय पाहिले, त्याच्याभोवती एक फेरी मारली आणि म्हणाल्या, "चालंल." त्याच दमात त्यांनी सांगून टाकलं, की दोन डुकरिणी पांढऱ्याकडे धाडल्यात. मला वाईट वाटलं, आणि मग त्या वाईट वाटण्याचीच लाज वाटली. मी महिन्यातून एकदा येणार होते; त्यांना रोज सकाळी चूल पेटवून खरकटं उकळायचं होतं.

पुढे पांढऱ्याची पिल्लं ठिपक्यांची झाली आणि भराभर वाढली. नव्या काळ्या नराकडे सोडलेली एक डुकरीण गाभण राहिलीच नाही. दुसरीला मात्र आठ पिल्लं झाली, आठही धडधाकट. मावशींनी हे फोन करून सगळ्यात आधी कळवलं ते त्या म्हाताऱ्या गृहस्थांना. आता कुठला नर कधी बदलायचा, ते दोघं परस्पर ठरवतात. मला नंतर कळतं.