लॅबमधली खंडेनवमी

"आधी हात दाखव."

कीबोर्डला बोट लागण्याआधी सरांची लाकडी पट्टी आडवी यायची. हात पालथे करायचे, मग उताणे. कापूस वेचून ओरखडलेली बोटं दिसली की ते नाक मुरडायचे. "हे काय औत हाय का, धरलं का हाणलं?"

तुम्हीही असा माणूस पाहिला असेल. नसेल पाहिला, तर बरंच आहे.

मी जालन्यात डिप्लोमाला होतो. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच. सर आमच्या कॉम्प्युटर लॅबचे प्रमुख; त्याआधी टायपिंग शिकवायचे. लॅबबाहेर चपला काढायच्या, कॉम्प्युटरवर शिवलेली झूल, तासाला एकानं बटणं दाबायची आणि बाकीच्यांनी मागे उभं राहून बघायचं. माझी पाळी येईपर्यंत घंटा व्हायची. तास संपला की लॅबला कुलूप. मी टेंभुर्णीचा, म्हणून माझं नाव "ए टेंभुर्णी". खरं नाव त्यांना माहीत होतं की नाही, सांगता येत नाही.

शेवटच्या वर्षी माझ्या वर्गातला दत्ता आणि मी मातीशिवाय शेतीचा प्रोजेक्ट घेतला. प्लास्टिकच्या पाइपाला भोकं पाडून त्यात पालकाची रोपं बसवली. मुळं पाइपात लोंबायची; एक दिवस पाणी थांबलं की वाळलीच. खालच्या टाकीतलं खत मिसळलेलं पाणी कूलरची मोटर वर चढवायची, आणि ती मोटर कधी चालू, कधी बंद, हे कॉम्प्युटर ठरवायचा.

"माती सोडून शेती?" सर हसले. "बापाला इचारलं का?"

"इचारलं, सर."

"मंग काय म्हनला?"

"म्हनले, पानी वाचत असंल तर करून बघ."

"बापबी तसलाच."

ते लागलं. अजून लागतं.

प्रोग्राम आम्ही कागदावर लिहिला. टाइप मात्र सरांनीच केला, आमचे हात नकोत म्हणून. पडद्याकडे न बघता, एकही चूक न करता. तेवढं कबूल करायला हवं.

प्राचार्य सगळं बघून खूश झाले. म्हणाले, "दसरा झाला की येतो. रोपं उभी असली, तर लॅब रोज दुपारी सगळ्या पोरांसाठी उघडी ठेवू." वर्गात त्या दिवशी सण होता. मशीनवर एकट्यानं बसायला मिळणार, याची मी स्वप्नं बघायला लागलो.

सर रोज सकाळी पाइपावर पट्टीनं टकटक करायचे.

"मेलं का?"

"न्हाई, सर."

"मरंल."

दसऱ्याला आम्ही गावी गेलो. खंडेनवमीला घरी विळे, कुऱ्हाड, औत धुऊन पुजले. त्या दिवशी अवजाराला सुट्टी. आमच्याकडे सुईसुद्धा चालवत नाहीत.

परत आल्यावर सरांनी लॅबचं दार उघडलं, तर आत शांत. मोटरीचा आवाज नाही. पालक पाइपावर ओल्या चिंधीसारखा पडलेला, मुळं सुतळीसारखी वाळलेली. कॉम्प्युटर बंद, त्यावर झेंडूचा हार.

दत्ता सरांवर धावूनच गेला. "सर, बंद कामून केलं?"

"खंडेनवमी व्हती."

"आन् रोपं?"

"अवजार हाय का न्हाई हे? तुमच्या घरी त्या दिवशी औत चालवतेत का?"

मी टाकीकडे बघितलं. आमच्या कूलरच्या जुन्या मोटरीलाही कुंकू लावलेलं होतं, वर एक झेंडूचं फूल. वैऱ्याच्या वस्तूला कोणी कुंकू लावत नाही. पण त्यानं माझा राग कमी झाला नाही, वाढला. मुद्दाम केलं असतं तर भांडता तरी आलं असतं.

प्राचार्य आले. मेलेली रोपं बघून त्यांनी चष्मा पुसला आणि म्हणाले, "सर, लॅब तुमच्या ताब्यात आहे. तुम्हीच सांगा, उघडायची का?"

एक 'हो' पुरलं असतं. सगळा वर्ग दारात उभा होता.

"अट ती अट, साहेब," सर म्हणाले. "रोपं उभी न्हाईत." आणि त्यांनी मशीनवर झूल ओढली.

डिप्लोमा मिळाला. पुढे पहिल्या मुलाखतीत मला कॉम्प्युटरवर साधी फाइल उघडता आली नाही. समोरच्या साहेबांनी "असू द्या" म्हटलं, आणि मी उठलो.

त्यानंतर सर एकदाच दिसले. निवृत्त होऊन गावी निघाले होते. निरोप द्यायला कोणी आलेलं नव्हतं. बस स्टँडवर आष्टीच्या गाडीत खिडकीशी बसून ते काच लावायचा प्रयत्न करत होते. काच अडकली होती. धूळ सरळ तोंडावर येत होती. मी अगदी खिडकीखाली उभा होतो. बाहेरून एक धक्का दिला असता तर लागली असती. त्यांनी मला बघितलं. मी त्यांना बघितलं.

मी हात खिशात घातले.

गाडी निघाली. फाटकातून वळेपर्यंत ते दोन्ही हातांनी काच ओढत होते.