पिल्लाच्या वाट्याचं दूध

नांद्याच्या आमच्या सोसायटीसमोरून आज मेंढरं गेली. वास आला तशी नात नाक दाबून आत पळाली. मी गॅलरीतच उभी राहिले, एका जुन्या आठवणीनं या वयातही कान लाल झालेली.

तेव्हा मी बावीस वर्षांची, उरवड्यात शिक्षिका आणि आमच्या प्रार्थनामंडळातली महाविदुषी! त्या दिवशी माझं निसर्गनियमावर भाषण होतं. बऱ्यावाइटाची जाण देवानं प्रत्येकाच्या बुद्धीतच घातली आहे, ती अडाण्यालाही कळते, असं मी रस्ताभर घोकत होते. फादर येणार म्हणून चहाला दूध आणायला धनगरांच्या तळावर गेले. तिथल्या हौसाबाईनं शेळी पिळली, पण एक सड पिल्लासाठी राखला. तांब्या माझ्या हातात देऊन ती मेंढरांकडे वळली. तांब्या अर्धाच होता. मी खाली बसले आणि तो राखलेला सडही पिळून घेतला.

"बाय, ते पिल्लाचं हाय," मागून आवाज आला.

"अगं, त्याला काय कळतंय!"

"त्याला न्हाई कळत. तुला तर कळतंय न्हवं?"

पिल्लू रिकाम्या सडाला ढुशा देत होतं. तांब्या तिथंच ठेवायला हवा होता. मी तो पदराखाली झाकून निघाले.

भाषण झकास झालं. फादरांनी चहासुद्धा वाखाणला. 'अडाण्यालाही कळते' हे वाक्य तर मी दोनदा म्हटलं, हात उंचावून.