खाणीच्या यादीतलं माझं नाव

चूक माझीच होती, आणि ती मी पूर्ण शुद्धीत केली. वणीच्या स्टँडवर पुण्याची गाडी लागली तेव्हा माझी धाकटी बहीण सुनी शेवटचं म्हणाली, "दादा, सोडून देनं थे नाव. मले पाह्यजे थे नोकरी." मी पिशवी घेतली आणि गाडीत चढलो.

आमचं शेत कोळशाच्या खाणीत गेलं होतं. बदल्यात घरातल्या एकाला नोकरी मिळणार होती आणि बाबांनी माझं नाव दिलं होतं. मी तेव्हा बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला. खाणीची वाट बघत बसायचं नाही, हे ठरवूनच माझी तयारी चालली होती. वाचनालयात पुण्याच्या जाहिराती उतरवून घ्यायचो, सायबर कॅफेत बायोडाटा टाइप करायचो. गच्चीवर मुलाखतीचा सराव व्हायचा, त्यात साहेब सुनी. ती आयटीआयला वायरमनचं शिकत होती. खुर्चीत पाय वर घेऊन विचारायची, "तुमाले आमी काहून घ्यावं? तोंड पाहून?"

खाणीची नोकरी मला नकोच होती. पण पुण्यात नाही जमलं तर, म्हणून नाव धरून ठेवलं. बाबा म्हणाले होते, "सुनी त लगन होऊन जाईन. नाव तुहंच राहू दे." शब्द त्यांचे, सोय माझी.

पुण्यात जमलं. खाणीचं पत्र आलं तेव्हा मी गेलो नाही, आणि नाव बदलायची मुदत तोवर टळली होती. नोकरी कुणालाच मिळाली नाही.

गावात अजून टोमणे बसतात, पुणेकर झाला म्हणून. झालो. शिफ्ट, सोसायटी, वीकेंड, सगळं माझं आहे आणि त्याबद्दल मी मान खाली घालणार नाही. शिकता शिकता बाहेरच्या नोकरीची तयारी करणाऱ्या पोरापोरींनो, जोरात करा. फक्त जाताना मागची जागा अडवून ठेवू नका.

सुनीचं आता वणीत मोटर रिवाइंडिंगचं दुकान आहे. यंदा दिवाळीत तिथं गेलो. बाबा बाकावर बसले होते. मी खाणीच्या नोकरीचा विषय काढताच "जुनं कायले उकरून राह्यला?" म्हणाले. मी थांबलो नाही. जिथं माझ्याबद्दलचं खरं सगळ्यांना माहीत आहे आणि फक्त माझ्या तोंडून यायचं बाकी आहे, तेच आता माझं घर.

गिऱ्हाइकांदेखत म्हणालो, "सुने, मले नोकरी नको होती, तरी तुही वाट अडवली. बाबानं नाही, म्या. माफ कर मले."