सुलतानची पेज

"गोळी घालतो आणि साहेबाला सांगतो, साप चावला," मालगुजार म्हणाले. "बोला डॉक्टर, दुसरा काही इलाज आहे का तुमच्याजवळ?"

ज्याच्याबद्दल हे चाललं होतं तो समोर अंधाऱ्या खोलीत गादीवर पडला होता. ग्रेट डेन जातीचं सात महिन्यांचं पिल्लू. पिल्लू कसलं, वासरूच ते! नाव सुलतान. पुढचे दोन्ही पाय धनुष्यासारखे वाकलेले. उठायला लावलं की कण्हायचा, चार पावलं टाकून मटकन बसायचा. त्याच्याशेजारी दसरू नावाचा चाळिशीतला गडी उकिडवा बसला होता. गोळीचं नाव निघालं तसा त्याने सुलतानच्या कानांवर हात ठेवला.

मी तेव्हा गोंदियाच्या जनावरांच्या डिस्पेन्सरीत नोकरीला होतो. गावोगावचे लोक आम्हांला ढोरडॉक्टर म्हणायचे. बैलांच्या लाळ्या-खुरकतात आणि म्हशींच्या अडलेल्या बाळंतपणात माझा जन्म चालला होता. कुत्र्यांची केस वर्षातून एखादी, तीही पिसाळलेल्या कुत्र्याची. टूरवर निघालो की छोट्या लाईनची गाडी पकडून सौंदडला उतरायचं आणि पुढे रेंगीने, म्हणजे हलक्या बैलगाडीने, हाडं मोजत जायचं. त्या दिवशीही तसाच आलो होतो आणि आधीच वैतागलो होतो.

भानगड अशी होती. जंगल खात्याच्या एका बड्या साहेबाने बदली होताना हे पिल्लू मालगुजारांना भेट दिलं होतं. मालगुजार म्हणजे गावाचा मालक. सरकारात सारा भरणारा, साहेबलोकांत ऊठबस असणारा. पंचक्रोशीत एवढा कुत्रा दुसऱ्या कोणाकडे नव्हता. आता तेच साहेब पौषात शिकारीच्या कॅम्पला येणार होते आणि चिठ्ठीत त्यांनी लिहिलं होतं, सुलतानला बघायला खास येतो. हातात दोन महिने होते. लंगडा कुत्रा दाखवून नाक कापून घेण्यापेक्षा मेलेला सांगितलेला बरा, हा मालगुजारांचा हिशेब.

मी पाय तपासले, सांधे दाबले आणि डोक्यात एकदम उजेड पडला. पडला असं मला वाटलं. आमच्या भागात धान निघालं की त्याच बांधीत, म्हणजे शेतात, लाखोळी टाकतात. तिची डाळ रोज खाल्ली तर माणसाचे पाय जातात, ढोरांचेही जातात. मी दसरूवर खेकसलो, "लाखोळीची डाळ घालतोस ना याला? स्वस्तातलं उरकून घेतोस?"

"नाई जी डाक्टरसायेब—"

"गप्प बैस! लाखोळी बंद. हे मलम चोळ. पंधरा दिवसांनी येतो."

दसरूचा चेहरा पडला. मालगुजारांनी त्याच्याकडे असं पाहिलं की गोळी आता कोणाला घालायची याचा ते फेरविचार करत असावेत. मी मात्र केस सुटली या आनंदात रेंगीत बसलो आणि सौंदडला येऊन झकास चहा प्यालो.

पंधरा दिवसांनी गेलो तर सुलतान आणखी वाकला होता. आता तो उठतही नव्हता. मालगुजारांनी बंदूक साफ करायला काढून ओसरीवरच ठेवली होती.

"लाखोळी बंद केली होती ना?" मी दसरूला विचारलं.

"बंद कायले करू जी?" तो म्हणाला. "सुरूच कवा केल्ली होती? तुमी आयकूनच नाई घेतलं. लाखोळीचा एक दाना त्याच्या तोंडाले लागला असन तं माह्या हाताले किडे पडो! तुमी मले सगळ्याइच्या समोर चोर केल्लं."

खरं सांगतो, कानशील तापलं माझं. आपण चुकलो हे कळलं की मला आधी राग येतो आणि मग लाज. त्या दिवशी दोन्ही एकदमच आले. मी म्हणालो, "चुकलं माझं, दसरू. आता तू सांग. काय काय घालतोस?"

मग तो खुलला. बोटांवर मोजत सांगू लागला. "मालकाइनं गोंदियाच्या मिलातून पांढराफेक तांदूळ आणून देल्ला. घरचे लोक मुसळाचा खाते, मालक आन् सुलतान मिलाचा खाते. तीन पानी धुतो. शिजला का पेज पुरी काढून टाकतो, भात मोगऱ्यासारखा मोकळा होते. मंग त्याच्यावर तूप. आन् मटन. एक हाड राहू देत नाई जी, एक नस राहू देत नाई. अशी सेवा तं कोनी बापाची नाई करत!"

ऐकून मालगुजारांची छाती फुगली. मीही चक्रावलो. असं जेवण मला माझ्या लग्नातसुद्धा मिळालं नव्हतं. मग पाय का वाकतात?

"आज मी जेवण होईस्तोवर इथंच बसतो," मी म्हणालो.

मागच्या अंगणात गेलो. कोपऱ्यात वेगळी चूल होती. दसरू कंठीवाला भगत. गळ्यात तुळशीची कंठी, मासमच्छी वर्ज्य. त्यामुळे मटन गावचा कोतवाल बुधा शिजवून, हाडं वेगळी करून द्यायचा. दसरू ते दुरूनच भातावर पाडून घ्यायचा आणि लाकडी पळीने कालवायचा. सुलतान दुसऱ्या कोणाच्या हातून जेवत नसे. पांढराशुभ्र भात, त्यावर तूप, त्यावर मऊ बोटी. थाळी पाहून मलाच भूक लागली.

तेवढ्यात कुंपणाच्या फटीतून एक काळं गावठी कुत्रं आत घुसलं. बुधाचा काळ्या. बुधाने हाडं, आतडी, काळजाचे तुकडे एका फुटक्या मडक्यात टाकले. दसरूने काढलेली पेजही त्यातच ओतली. काळ्याने मडकं चाटून पुसून साफ केलं, एक हाड तोंडात धरलं आणि छातीएवढं कुंपण एका उडीत पार करून गेला.

मी दसरूकडे पाहिलं. "हा रोज येतो?"

"रोजच येते जी. उष्ट्याचा मालक हाये तो."

"आणि याचे पाय?"

"त्याच्या पायाले काय झालं? काल हरनामागं धावला."

मी कपाळावर हात मारून घेतला. जे डोळ्यांसमोर होतं ते बघायला सरकारने मला पगार देऊन पाठवलं होतं आणि मी लाखोळी हुडकत बसलो होतो! सुलतानला मुडदूस झाला होता. लहान मुलांना होतो तोच. हाडाला चुना मिळाला नाही की ते मेणासारखं नरम पडतं आणि अंगाच्या भाराने वाकतं. नुसत्या भातात चुना नाही, नुसत्या मासातही नाही. चुना होता हाडात, तो काळ्या नेत होता. तांदळाचा कस होता कोंड्यात, तो मिलमध्ये गेला. उरलासुरला पेजेत, तीही काळ्याच्या पोटात. त्यातून मोठ्या जातीचं पिल्लू वास्त्यासारखं वाढतं. वास्ते म्हणजे बांबूचे कोंब, काल गुडघ्याएवढा होता तो आज कमरेला लागतो. अशा पिल्लाला तूप चारून जड करायचं आणि हाडाला काहीच द्यायचं नाही, म्हणजे कच्च्या खांबावर माडी चढवण्यातला प्रकार. वर त्याला ऊन लागू नये म्हणून अंधाऱ्या खोलीत ठेवलेलं!

ओसरीवर येऊन मी सांगितलं, "मालगुजारसाहेब, तुमच्या सुलतानची उपासमार चालू आहे."

"काय बोलता!" ते उसळले. "माझ्या घरी?"

"तुमच्याच घरी. त्याचं जेवण काळ्या जेवतो आणि काळ्याने टाकावं असं हा जेवतो."

मग मी नवीन जेवण सांगितलं. मिलचा तांदूळ बंद, घरचा मुसळाने कांडलेला तांदूळ, तोही पेज न काढता गिचका शिजवायचा. त्यातच कोहळं, पालेभाजी. कांदा नाही, मीठ नाही. मटन थोडं कमी, पण हृदयासकट. काळीज, म्हणजे कलेजी, चार दिवसांनी एकदा आणि तेही बोटभर, कारण काळीज जास्त झालं की तेही बाधतं. तूप बंद. तळ्यातल्या वाळवलेल्या बारीक मासोळ्या काट्यासकट कुटून घालायच्या. शिजलेलं अख्खं हाड द्यायचं नाही, त्याची कपची आतड्यात रुतते. हाडं गोवऱ्यांवर पांढरी होईपर्यंत भाजायची, कुटून वस्त्रगाळ करायची आणि ते पीठ रोज चमचाभर. माशाच्या तेलाची बाटली मी देतो. एकदम ढीगभर घालायचं नाही, दिवसातून तीनदा थोडं थोडं. जेवल्यावर पळवायचं नाही. सकाळचं ऊन द्यायचं.

"पेज?" मालगुजार पुटपुटले. "डॉक्टर, पेज गडीमाणसं पितात. साहेबाने दिलेला कुत्रा पेज पितो म्हटलं तर लोक काय म्हणतील?"

"लोक म्हणतील, कुत्रा उभा आहे."

आतून मालकीणबाईंचा आवाज आला. "पेजेचं राहू द्या! हाडं कोणाच्या उखळात कुटणार? माझ्या उखळाले हात लावाल तं याद राखा! मुसळ घेऊन बाहेर येईन मी!"

आता खरी पंचाईत. बुधा म्हणाला मी कुटून देतो. पण त्याला त्याच महिन्यात सकाळी मटन शिजवून दिलं की सरकारी कामावर गावोगाव हिंडायचं होतं. बाकी कोणी तयार होईना. आणि कोणी कुटलं तरी ते हाताने मळून चारायला दसरूच हवा, कारण आता सुलतान मान उचलून थाळीतलं खातही नव्हता. घास तोंडात द्यावा लागे. सगळ्यांनी दसरूच्या गळ्यातल्या कंठीकडे पाहिलं.

दसरूने कंठी मुठीत धरली. मग म्हणाला, "डाक्टरसायेब, या डावी खरं सांगून राहिले न? का मांगल्यासारखं?"

हा टोला मी मुकाट खाल्ला. "खरं सांगतो. दीड महिना."

"पाप लागन का जी?"

मी काही धर्मशास्त्राचा डॉक्टर नाही. म्हणालो, "लागलं तर निम्मं माझ्या नावावर."

तो उठला. गोठ्याच्या मागे बसकट दगड होता, मध्ये खळगा पडलेला. तो त्याने घासून धुतला. गळ्यातली कंठी काढली, डोळ्यांना लावली आणि गोठ्याच्या खुंटीला अडकवली. "रोज सकाळी काढीन," तो म्हणाला, "याचं खानं झालं का आंघोळ करीन आन् मंग घालीन. देव पाहून राहिला. त्याले समजत असन तं समजन." माझ्या सबंध नोकरीत इतक्या सरळपणे माझं औषध कोणी घेतलं नाही.

मग मी दर आठवड्याला जायचो. ड्यूटीत बसत नव्हतं, तरी जायचो. पहिल्या आठवड्यात काही फरक नाही. मालगुजार बंदुकीला तेल लावत बसलेले. दुसऱ्या आठवड्यात सुलतान कण्हायचा थांबला. तिसऱ्या आठवड्यात मी रेंगीतून उतरलो तर दसरू फाटकापाशी नाचत होता. "उठला जी! सोताहून उठला! आन् मुतला तं तंगडी वर करून मुतला!" एवढ्या आनंदाने ही बातमी मला परत कोणी दिली नाही. महिन्याभराने सुलतान अंगणात हिंडू लागला. दसरू एकदा कुरकुरला, "गावात लोकाइले असं खायाले भेटत नाई, डाक्टरसायेब," आणि ते खरंच होतं.

पौषात साहेब आले. मालगुजारांनी मलाही बोलावून घेतलं. काही बिघडलं तर दोष द्यायला कोणी जवळ असावा म्हणून. दसरूने सुलतानला आणलं. चार पायांवर. पुढचा डावा पाय जरासा बाकदार राहिला होता, पण चाल राजासारखी. साहेब खूश. हिंदीत म्हणाले, "फर्स्ट क्लास! क्या खिलाते हो इसको?"

मालगुजारांनी पापणीही लववली नाही. "मिल का चावल, साहब! घी! और बिना हड्डी का मटन!"

मला ठसका लागला. दसरूला मात्र राहवेना. एवढे दिवस खुंटीला कंठी टांगली ती काय मिलच्या तांदळासाठी? "नाई जी सायेब!" तो पुढे होऊन ओरडला. "पेज पेते तो! पेज आन् हाडाचं पीठ! म्या सोता कुटलं!"

मालगुजारांचा चेहरा भिजलेल्या पापडासारखा झाला. साहेब मात्र मोठ्याने हसले. "शाबास! किसने बताया?"

मालगुजारांनी पटकन माझ्याकडे बोट केलं. मी म्हणालो, "मैंने नहीं साहब, काळ्याने बताया."

साहेबांना वाटलं काळ्या म्हणजे कोणी म्हातारा जाणकार वैदू. "बुलाओ उसको!" बुधा जाऊन काळ्याला गळ्यात दोरी बांधून घेऊन आला. साहेब बघतच राहिले. त्याच क्षणी सुलतानने दसरूच्या हाताला हिसडा दिला आणि काळ्याच्या अंगावर झेपावला. काळ्याची दोरी सुटली. दोघे अंगण, खळं, धानाच्या भाऱ्यांचे पुंजणे असे पळत सुटले आणि कुंपण आलं तसे एकामागोमाग एक उडी मारून पार. काळ्या सफाईने, सुलतान चार बांबू मोडून. पण पार!

दसरू मटकन खाली बसला आणि धोतराच्या सोग्याने डोळे पुसू लागला. आंघोळ केव्हाच झाली होती. कंठी गळ्यात होती. ओसरीवरची बंदूक मालगुजारांनी स्वतःच उचलून आत नेऊन ठेवली. पुढच्या खेपेला गेलो तेव्हा मालकीणबाईंनी माझ्यापुढे पेजेचा पेला ठेवला आणि मालगुजारांकडे मान करून म्हणाल्या, "यायलेही रोज देऊन राहिली आता. रातभर पाय जळत होते, आग थांबली म्हनते." मालगुजार खिडकीबाहेर बघत राहिले.

पुढे नोकरीत पुष्कळ जनावरं पाहिली. सगळ्यांत खराब तब्येतीची जनावरं सगळ्यांत लाडाच्या घरी भेटली. तेव्हापासून कोणाच्याही दारी गेलो की मी एकच सांगतो: तुम्ही काय खाऊ घालता ते मागाहून ऐकतो, आधी तुमच्या घरातून टाकून काय देता ते दाखवा.