मसालेभाताच्या आधीचा अहवाल

सात वर्षं मी वार्षिक सभेत एक मुदत ठेव वाचून दाखवली, जी मी पहिल्याच वर्षी मोडली होती. हे मी आजवर आपणहून कुणाला सांगितलेलं नाही. एकाने ओळखलं, ते वेगळं.

ठाण्यातल्या वायरिंग कंत्राटदारांची आमची संघटना, आणि मी तिचा खजिनदार. ठेव होती अपघात निधीची — कुणाला शॉक बसला, कुणी शिडीवरून पडला, तर. सभासद गळत चाललेले. नवी पोरं म्हणायची, सगळं ग्रुपवर कळतं, वर्गणी कशाला? आहेत त्यांची वर्गणी वाढवा, असं मी सांगायला हवं होतं. पण मग टाळ्या कोण वाजवणार? वागळे इस्टेटमधल्या ऑफिसचं भाडं थकलं, तेव्हा ठेव मोडली. पुढच्या वर्षी भरू म्हटलं. अध्यक्ष कोऱ्या कागदांवर सह्या देऊन मोकळे. हिशेब तपासनीस? माझा साडू.

भित्र्याला युक्त्या फार सुचतात. अहवाल मी मुद्दाम जेवणाच्या तोंडावर ठेवायचो. मसालेभाताचा वास हॉलभर पसरला की आकडा वाचायचा — ‘मंजूर, मंजूर’ म्हणत मंडळी ताटांकडे. एक पैसा खिशात घातला नाही, खरं आहे. पण एका वर्षी तो मसालेभातच त्या ठेवीतून झाला, त्याचं काय?

आणि याहून वाईट — कुठे अपघात झाल्याचं कानावर आलं की मी आधी विचारायचो, आपला सभासद आहे का? माणूस कसा आहे, हे नंतर.

मग आमचे जुने सभासद भोईरकाका भाजले. पॅनलमध्ये स्पार्क होऊन उजवा हात. ऑपरेशन आमच्या चेकसाठी थांबलेलं, आणि मी — तीन आठवडे ‘कागद अपुरे आहेत’ म्हणत त्यांच्या मुलीला फिरवलं. शेवटी स्वतःची रक्कम पाकिटात घालून कोपरला त्यांच्या घरी गेलो. पाकीट त्यांच्या डाव्या हातात दिलं. उजवा बांधलेला होता.

त्यांनी पाकीट चाचपलं, उघडलं नाही.

“संघटना चेक देते. हे रोख कसं?”

मी पाकीट त्यांच्याकडे आणखी सरकवलं.

“पैसे खाल्लेस?”

“नाही काका. संपले.”

“कधी?”

“सात वर्षं झाली.”

त्यांनी एकदा बांधलेल्या हाताकडे पाहिलं.

“तुझ्यापेक्षा चोर बरा रे,” म्हणाले. “त्याच्याकडून वसूल तरी होतं.”